एकसष्टावं लेकरू

३० सप्टेंबर ही तारीख मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकाला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. त्या दिवशी पटावर जेवढी मुलं, त्यावर शाळेची संचमान्यता होते. शिक्षक किती राहणार, कोण ‘अतिरिक्त’ ठरणार, कोणाचं समायोजन दुसऱ्या तालुक्यात होणार, हे सगळं त्या एका आकड्यातून निघतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात त्याचा हिशेब दिलेला आहे. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. नंतरच्या शासन निर्णयांनी हे आकडे पुढेमागे सरकवले, पण हिशेबाची रीत तीच राहिली.

आता हाच हिशेब वर्गात उभं राहून पाहा. पट साठ, शिक्षक दोन, वर्ग पाच. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी ते पाचवी. फळ्यावर खडूच्या दोन उभ्या रेघा मारून तीन भाग केलेले. डावीकडे तिसरीची हातच्याची वजाबाकी, मधे चौथीचा परिसर अभ्यास, उजवीकडे पाचवीचे अपूर्णांक. गुरुजी पाचवीकडे वळले की तिसरीतली लेकरं पाटीवर चित्रं काढू लागतात. दोघांपैकी एक जण बीएलओच्या, म्हणजे मतदार याद्यांच्या कामाला, केंद्राच्या बैठकीला किंवा तालुक्याला टपाल घेऊन गेला की पाचही वर्ग एकट्याच्या गळ्यात. अशा शाळेत एकसष्टावं लेकरू आलं तर तिसऱ्या शिक्षकाची वाट मोकळी होते. आणि पट एकसष्ट असलेल्या शाळेतलं एक लेकरू जूनमध्ये इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसलं, तर असलेला तिसरा शिक्षक हातचा जातो. मागे उरलेल्या साठ जणांचं शिकणं त्या एका नावाला बांधलेलं असतं.

नांदेड आणि लातूर या शेजारी जिल्ह्यांत मिळून सव्वीस तालुके. नांदेड जिल्हा परिषदेच्या शाळा दोन हजारांवर, लातूरच्या बाराशेहून अधिक. शिवाय खासगी अनुदानित, विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित, आश्रमशाळा, उर्दू शाळा, महापालिकेच्या शाळा. एवढ्या शाळांमध्ये लाखो मुलांची सोय कोण आणि कशी लावतं, हे शोधत गेलं की केंद्रप्रमुखापासून गटशिक्षणाधिकाऱ्यापर्यंत, तिथून शिक्षणाधिकाऱ्याच्या कक्षात आणि शेवटी पुण्यातल्या संचालनालयाच्या संगणकापर्यंत जावं लागतं. या सगळ्या वाटेवर एकच चीज हातोहात फिरत असते, ती म्हणजे पट.

कायद्यात मात्र वेगळं लिहिलं आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेची, महापालिकेची, नगरपरिषदेची कर्तव्यं दिली आहेत. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवायची, हे त्यातलं एक. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल याची खात्री करायची, हे दुसरं. कायद्याने हद्दीतलं मूल मोजायला सांगितलं आणि आपण शाळेतलं नाव मोजत आलो. माझ्या मते मराठवाड्यातल्या शाळांच्या नियोजनाचं सगळं दुखणं या एका फरकात आहे.

मुलं मोजायची रीत आपल्याकडे नाही असं नाही. दरवर्षी एप्रिल-मेच्या उन्हात जिल्हा परिषदेचे गुरुजी आणि बाई घरोघर फिरून दाखलपात्र मुलांची यादी करतात. अंगणवाडीताईंच्या वहीशी ती ताडून पाहतात. जूनच्या मध्याला प्रवेशोत्सव होतो, बैलगाडीतून मिरवणूक निघते, पहिलीच्या लेकरांच्या हातात नवी पुस्तकं पडतात. पण ती यादी त्या शाळेपुरती राहते. पाच वर्षांनी या गावात, या तांड्यावर किती लेकरं शाळेत येतील, कुठे खोली वाढवावी लागेल, सहावीला ती कुठे जातील, हे त्या यादीवरून कोणी काढत नाही. इंग्लंडमध्ये पुरेशा शाळाजागा ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी स्थानिक कौन्सिलवर आहे, आणि त्या कौन्सिली जन्मनोंदी आणि नव्या घरांची बांधकामं पाहून पुढच्या काही वर्षांचा अंदाज आधीच बांधून ठेवतात. जन्मनोंदी आपल्या ग्रामपंचायतीतही होतात. शाळेचा आणि त्या नोंदवहीचा संबंध येतो तो फक्त जन्मदाखला मागताना.

मराठवाड्यातल्या शाळांचा नकाशा मुळात योजून काढलेला नाही, तो साचत गेलेला आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं आणि सरकारी शाळा मोजक्या गावी होत्या. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ ला मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्यावर प्राथमिक शाळांबरोबर जुनी सरकारी हायस्कूलंही त्यांच्याकडे आली. पश्चिम महाराष्ट्रात हायस्कूल म्हटलं की रयत शिक्षण संस्थेसारखं नाव समोर येतं. मराठवाड्यात तालुक्याच्या गावी जुन्या दगडी इमारतीवर ‘जिल्हा परिषद प्रशाला’ अशी पाटी दिसते. यातल्या कित्येक इमारती निजामकालीन असून आज धोकादायक झाल्या आहेत. या प्रशालांतून शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या दोन पिढ्या फी न भरता दहावी झाल्या. नंतर संस्थाचालकांचा काळ आला. तालुक्याच्या पुढाऱ्यांनी शाळा काढल्या, तुकड्या मागितल्या, अनुदान मागितलं. शाळा कुठे हवी यापेक्षा ती कोणाला हवी, यावर परवानगी ठरू लागली. एका गावात दोन-तीन हायस्कूलं आणि शेजारच्या पाच वाड्यांना मिळून एकही नाही, असं चित्र त्यातून तयार झालं.

या काळात पट हे एक चलन झालं. नावागणिक तुकडी, तुकडीगणिक शिक्षकाचं पद, पदागणिक सरकारी पगार. त्यावर पोषण आहाराचा तांदूळ, पुस्तकं, गणवेश. मुलं नसली तरी नावं हवीत, अशी गरजच निर्माण झाली. तपासणीच्या दिवशी शेजारच्या शाळेतून मुलं आणून बसवणं हे गावोगावचं उघड गुपित होतं.

त्याला पहिला मोठा धक्का नांदेडने दिला. डॉ. श्रीकर परदेशी तेव्हा नांदेडचे जिल्हाधिकारी होते. परीक्षेतल्या कॉपीविरुद्ध त्यांनी जिल्ह्यात मोहीम उघडली होतीच. २०१०-११ च्या सुमारास त्यांनी शाळांचा पट तपासायला घेतला. युक्ती साधी होती: सगळ्या शाळा एकाच वेळी तपासायच्या, म्हणजे एका शाळेतली मुलं दुसरीत नेऊन बसवायला वेळच मिळणार नाही. शिक्षण खात्याबाहेरची, महसूल आणि इतर खात्यांची माणसं शाळांवर पाठवली गेली. नांदेड जिल्ह्यात सुमारे १ लाख ४० हजार नावं अशी निघाली की ज्यांचं मूल वर्गात नव्हतं. हा आकडा राज्यभर गाजला. त्यानंतर राज्य सरकारने ३ ते ५ ऑक्टोबर २०११ असे तीन दिवस सगळ्या महाराष्ट्रात पटपडताळणी केली. मतदानासारखी मुलांच्या बोटांना शाई लावली, म्हणजे एक मूल दोनदा मोजलं जाऊ नये. राज्यात वीस लाखांच्या आसपास नावांचा हिशेब लागला नाही.

त्या तीन दिवसांबद्दल मराठवाड्यातले शिक्षक आजही बोलतात. काहींना त्यात अपमान वाटला, कारण प्रामाणिक शाळेच्या दारातही चोर पकडायला आल्यासारखी माणसं आली होती. पण काम आवश्यक होतं, हे मला नि:संशय वाटतं. खोट्या नावांवर जाणारा पैसा खऱ्या लेकरांच्या तोंडचा होता. नांदेडने महाराष्ट्राला पट मोजायला शिकवलं, आणि या जिल्ह्याने त्याचा अभिमान बाळगावा.

पुढे जे झालं ते मात्र अर्धवट राहिलं. खोटी नावं वजा झाली आणि त्यावर उभे असलेले शिक्षक अतिरिक्त ठरले. त्यांचं समायोजन होईपर्यंत म्हणून २ मे २०१२ पासून शिक्षकभरती थांबवली गेली, ती वर्षानुवर्षं रखडली. भरतीच्या पवित्र पोर्टलवरून अकरा हजारांवर उमेदवारांची निवड यादी लागली ती २०२४ च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात डी.एड. झालेली एक अख्खी पिढी ट्युशन घेत, दुकानं चालवत, वयोमर्यादा ओलांडत गेली. त्यानंतर पटाला आधार कार्डाची जोड आली. २०२२-२३ पासून संचमान्यतेसाठी आधार वैध ठरलेली मुलंच धरू, असं धोरण झालं. आता वर्गात समोर बसलेलं लेकरू, त्याच्या नावाची एक वेलांटी आधारवर वेगळी आहे किंवा जन्मतारीख जुळत नाही म्हणून संगणकात ‘अवैध’ दिसतं. मुख्याध्यापक त्या लेकराच्या बापाला घेऊन तालुक्याच्या आधार केंद्रावर रांगेत उभे राहतात. बापाची रोजी बुडते. कायद्याच्या कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून कोणाला प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेश नाकारला जातही नाही. लेकरू वर्गात असतं, फक्त त्याच्यासाठी शिक्षक मंजूर होत नाही.

म्हणजे २०११ मध्ये नाव होतं आणि मूल नव्हतं. आज कित्येक ठिकाणी मूल आहे आणि नाव धरलं जात नाही. पहिल्या गोष्टीसाठी राज्याने तीन दिवस सगळी यंत्रणा रस्त्यावर उतरवली. दुसऱ्यासाठी अजून तसं काही झालेलं नाही. ४ जुलै २०१५ ला, शाळेबाहेर राहिलेल्या म्हणजे शाळाबाह्य मुलांचं एक दिवसाचं राज्यव्यापी सर्वेक्षण झालं खरं, पण ऐन जुलैत, जेव्हा ऊसतोडीसाठी स्थलांतर करणारी कुटुंबं आपापल्या गावीच असतात.

मोजणीनंतर अंतराचा हिशेब येतो. शिक्षण हक्क कायद्याखालच्या राज्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत पाचवीपर्यंतची आणि तीन किलोमीटरच्या आत आठवीपर्यंतची शाळा हवी, पण त्यासाठी किमान वीस मुलांची अट आहे. हे वीस मुलांचं कुंपण डोंगरपट्ट्यात फार टोचतं. मुखेड, कंधार, लोहा, किनवट, माहूर, इकडे जळकोट, अहमदपूर. बालाघाटच्या उतारांवर आणि पैनगंगेच्या बाजूला बंजारा तांडे, वाड्या, शेतातल्या वस्त्या विखुरलेल्या आहेत. २००० नंतर अशा ठिकाणी वस्तीशाळा निघाल्या. गावातलाच दहावी-बारावी शिकलेला मुलगा किंवा सून नाममात्र मानधनावर झाडाखाली, मंदिरात, कोणाच्या ओसरीत लेकरांना शिकवायची. पुढे त्या नियमित प्राथमिक शाळा झाल्या आणि दीर्घ लढ्यानंतर २०१४ मध्ये त्या निमशिक्षकांना कायम केलं गेलं. तांड्यावरच्या मुलींची पहिली शिकलेली पिढी या शाळांनी घडवली. आज याच शाळा ‘कमी पटाच्या’ म्हणून यादीत आहेत.

या याद्या अधूनमधून बाहेर येतात. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठवण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून होणाऱ्या ‘समूह शाळां’चे प्रस्ताव मागवले. तेव्हा राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुलं शिकत होती. उदाहरण म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ पुढे केलं गेलं. मग १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा शासन निर्णय आला. सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुलं असतील तर तिथे शिक्षकाचं पदच मंजूर होणार नाही, अशी वेळ त्याने आणली. २५ सप्टेंबर २०२४ ला शिक्षकांनी सामूहिक रजा काढून जिल्ह्याच्या ठिकाणी मोर्चे काढले, त्यात नांदेड-लातूरही होते.

समूह शाळेच्या बाजूने म्हणण्यासारखं आहे. बारा लेकरांच्या शाळेत ना खेळायला संघ होतो ना वर्गात चर्चा होते. मोठ्या शाळेत विषयाला शिक्षक मिळतो, प्रयोगशाळा असते. पण तांड्यावरून मोठ्या शाळेपर्यंत जायचं कसं, याचं उत्तर कागदावर ‘वाहतूक व्यवस्था’ या दोन शब्दांत संपतं. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसनी मुलींसाठी मोठं काम केलं आहे. मागास तालुक्यांना सुरुवातीला पाच-पाच बस मिळाल्या आणि त्यांच्या भरवशावर हजारो मुली बारावीपर्यंत पोचल्या. पण निळी बस फाट्यावर येते, तांडा फाट्यापासून आत असतो, आणि पावसाळ्यात मधला ओढा उतरेपर्यंत वाट पाहावी लागते. ज्या घरात मुलीला फाट्यापर्यंत एकटं पाठवायचं नाही, तिथे सहावीचा वर्ग बंद होणं आणि मुलीचं लग्न ठरणं यांत फार वर्षं जात नाहीत.

माध्यमाचा प्रश्न तर या किलोमीटरच्या हिशेबात येतच नाही. नांदेड शहर, देगलूर, धर्माबाद, बिलोली, इकडे उदगीर. या पट्ट्यात उर्दू, तेलुगू, कन्नड बोलणारी घरं मोठ्या संख्येने आहेत. एक किलोमीटरवर शाळा आहे असं नकाशा सांगतो. ती आपल्या माध्यमाची आहे का, हे नकाशाला ठाऊक नसतं.

आता दसऱ्यानंतरच्या दिवसांकडे येतो. तेव्हा ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या निघालेल्या असतात किंवा निघण्याच्या तयारीत असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात. गाळपाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि ही माणसं गावी परततात ती उन्हाळ्यात. म्हणजे ३० सप्टेंबरला ज्या शाळेचा पट मोजला गेला, त्या शाळेतलं लेकरू दिवाळीनंतर शेकडो किलोमीटरवर कारखान्याच्या तळावर कोपीत असतं. शिक्षक मुखेडला, लेकरू शिरोळला. जिथे लेकरू आहे तिथल्या शाळेच्या संचमान्यतेत त्याचा पत्ता नाही, कारण तिथलाही पट ३० सप्टेंबरलाच पक्का झालेला असतो.

अशा वेळी गुरुजींपुढे दोनच वाटा असतात. नाव काढलं तर पट घसरतो, पद जातं, आणि उन्हाळ्यात परतलेलं लेकरू पुन्हा दाखल करताना वर्षाचा घोळ होतो. नाव ठेवलं तर हजेरीचा प्रश्न. “लेकराचं नाव राहू द्या गुरुजी, आम्ही येतोच की,” असं आईबाप निघताना सांगतात, आणि बहुतेक गुरुजी नाव ठेवतात. त्यांना दोष देण्याची माझी तयारी नाही.

उपाय झालेच नाहीत असं म्हणता येणार नाही. औरंगाबादच्या ‘जनार्थ’ संस्थेने कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवल्या. शिक्षण हक्क कायदा आल्यावर मुलांनी जवळच्या नियमित शाळेतच जावं अशी भूमिका आली, आणि साखरशाळा मागे पडल्या. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड निघालं. ते दाखवलं की कुठल्याही शाळेने मुलाला बसवून घ्यायचं. गावातच मुलांना ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आली. आजी-आजोबांकडे लेकरू राहतं, शाळा व्यवस्थापन समिती दोन वेळचं जेवण देते. संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत २०२१ मध्ये नांदेड, लातूरसह दहा जिल्ह्यांतल्या ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशी ८२ वसतिगृहं मंजूर झाली, प्रत्येकी शंभर जागांची. योजना चांगल्या आहेत. पण हंगामी वसतिगृह दसऱ्याआधी सुरू झालं तरच उपयोगाचं. मंजुरी आणि पैसा डिसेंबरात आला, तर तोवर मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला आईबरोबर निघून गेलेली असते. आईबाप तिला परत पाठवणार कसे आणि कोणाबरोबर?

गाव सोडावं लागलेल्या मुलांसाठी दुसरीकडे जागा शोधणं जमणारच नाही, असं कोणी म्हणत असेल तर लातूरकरांनी किल्लारी आठवावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी भूकंप झाला. औसा, निलंगा, उमरगा, लोहारा या भागातली सुमारे आठ हजार माणसं गेली. पन्नासहून अधिक गावं नव्या जागी वसवावी लागली, आणि त्या नव्या गावांच्या आखणीत घरांबरोबर शाळेची जागा आधीच राखलेली होती. त्याच दिवसांत भारतीय जैन संघटनेने शांतीलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातल्या १,२०० मुलांना पुण्याला नेलं आणि त्यांच्या राहण्या-शिकण्याची जबाबदारी घेतली. नळदुर्गला पन्नालाल सुराणांनी ‘आपलं घर’ उभं केलं. त्या वेळी पुण्यातल्या शाळांनी ‘हा आमच्या पटाचा प्रश्न नाही’ असं म्हटलं नाही. जिल्ह्याची हद्द ओलांडून मुलांसाठी जागा शोधली गेली, कारण ती मुलं सगळ्यांना दिसत होती. मुखेड-जळकोटचं ऊसतोडीला गेलेलं लेकरू दरवर्षी जातं, म्हणून कदाचित दिसेनासं झालं आहे.

शहरात जागांची मारामारी वेगळ्या प्रकारची आहे. खासगी विनाअनुदानित शाळांत पहिलीच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव असतात. अर्ज ऑनलाइन, घराचं ठिकाण नकाशावर दाखवायचं, एक किलोमीटरच्या आतल्या शाळांना अग्रक्रम, मग तीनपर्यंतच्या, आणि सोडत पुण्यात निघते. नांदेडच्या तरोड्यातली किंवा लातूरच्या रिंग रोडबाहेरची आई मोबाइल घेऊन सायबर कॅफेत बसते आणि नकाशावरचा फुगा आपल्या घरावर आणायची धडपड करते, कारण तो गल्लीभर इकडेतिकडे झाला तर शाळा हातची जाते. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियम बदलले: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला हे २५ टक्के लागू नाहीत. पालकांनी काय केलं ते आकड्यांत दिसलं. जागा कित्येक पट वाढल्या, पण अर्ज आले सत्तर हजारांच्या आत. मे महिन्यात उच्च न्यायालयाने बदलाला स्थगिती दिल्यावर जुन्या पद्धतीने अर्ज मागवले, तर सुमारे एक लाख पाच हजार जागांसाठी दोन लाख चाळीस हजारांवर अर्ज आले. १९ जुलै २०२४ ला न्यायालयाने तो बदल रद्दच केला.

या आकड्यांवरून पालकांना जिल्हा परिषदेची शाळा नको आहे, एवढाच निष्कर्ष काढणं मला पटत नाही. दोन शिक्षकांवर पाच वर्ग चालणारी शाळा त्यांना नको आहे. लातूर जिल्हा परिषदेने ‘बाला’ उपक्रमात शाळांच्या भिंती, जिने, अंगणं शिकण्याची साधनं केली, तेव्हा गावांनी वर्गणी काढून हातभार लावला होता. आपली शाळा चांगली व्हावी म्हणून खिशात हात घालणारे पालक याच जिल्ह्यात आहेत.

दहावीनंतर तर या प्रदेशात प्रवाह उलटा वाहू लागतो. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय आणि ‘लातूर पॅटर्न’ यांचं नाव १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून राज्यभर झालं. प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या मुलांकडून जादा तास, सराव परीक्षा, शंकानिरसन असं कसून काम करून घेतलं आणि बारावीच्या गुणवत्ता यादीत ती मुलं झळकवली. आज जूनमध्ये लातूरच्या ट्युशन एरियात चालणं मुश्कील होतं. नीटची तयारी करायला विदर्भापासून खानदेशापर्यंतची मुलं येतात, खोल्या, मेस, अभ्यासिका भरून जातात. नांदेडलाही तसंच.

यातली कित्येक मुलं कॉलेजात मात्र नसतात. नाव एखाद्या आडगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात, मूल शहरातल्या क्लासमध्ये. आडगावच्या कॉलेजचा पट भरतो, तुकडी टिकते, आणि प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर धूळ बसते. नांदेडने २०१०-११ च्या सुमारास जे खोदून काढलं, तेच आता अकरावी-बारावीत पालकांच्या संमतीने चाललं आहे. फटका कोणाला बसतो, तर क्लासची फी न परवडणाऱ्या मुलाला. तो रोज एसटीने त्या कॉलेजात खरोखर जातो, आणि तिथे शिकवणं थांबलेलं असतं.

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने झाले. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे अशा काही महानगरांपुरती होती. पहिल्याच दिवशी, २१ मे ला, संकेतस्थळ बसलं आणि नोंदणी २६ मे ला नव्याने सुरू करावी लागली. किनवटच्या आदिवासी पाड्यावरच्या मुलाला, शेजारच्या गावातल्या कॉलेजात जायचं असलं तरी, तालुक्याला जाऊन पोर्टलवर पसंतीक्रम भरावा लागला. त्रास झाला. पण त्यातून एक गोष्ट पहिल्यांदाच सगळ्यांना कळली: राज्यात अकरावीच्या एकवीस लाखांच्या घरात जागा आणि त्यातल्या आठ लाखांच्या आसपास रिकाम्या. लातूरच्या नामांकित कॉलेजांत एकेका गुणासाठी झुंबड, आणि पलीकडे ओस पडलेल्या तुकड्या. जागा कमी नाहीत, त्या चुकीच्या ठिकाणी मंजूर झालेल्या आहेत, हे आता कागदावर आलं आहे.

हीच माहिती खाली, पहिलीपर्यंत, आणता येईल. गावाची जन्मनोंद, अंगणवाडीची वही आणि शाळेची दाखलपात्र यादी या तिन्ही गोष्टी एकाच ग्रामपंचायतीच्या हद्दीत तयार होतात. त्या एकत्र करायला नवा कायदा लागत नाही, कलम ९ पुरेसं आहे. पट वर्षातून दोनदा धरावा: ३० सप्टेंबरला एकदा आणि जानेवारीत, गाळप भरात असताना, पुन्हा एकदा. दुसरी मोजणी कारखान्याच्या तळावर व्हावी, आणि ज्या जिल्हा परिषदेच्या हद्दीत तो तळ आहे तिने तिथल्या लेकरांसाठी जागा आणि शिक्षक द्यावा, मूळ गावचं पद न घटवता. हंगामी वसतिगृहांचे प्रस्ताव पोळ्याला तालुक्यात यावेत आणि घटस्थापनेला तिथली चूल पेटावी. सहावीचा वर्ग बंद करायचा असेल तर आधी बस तांड्याच्या तोंडापर्यंत आणावी, मग दाखले द्यावेत. आणि आधार जुळत नाही म्हणून अवैध ठरलेल्या प्रत्येक नावासाठी, वर्गात जाऊन ते लेकरू डोळ्यांनी पाहून आलेल्या केंद्रप्रमुखाची सही पुरेशी मानावी. २०११ मध्ये बोटावरची शाई पुरेशी मानली होती, तशी.